जुन्या ८००चं इंजिन बदलायचंय? आधी पत्रा, मग कागद, मग इंजिन

भाचा बावीस वर्षांचा, लायसन मिळून दोन वर्षं झालेली, आणि पावसला आजोबांच्या पडवीत सहा वर्षं झाकून ठेवलेली १९८५ची मारुती ८००, म्हणजे ती जुन्या शेपची चौकोनी, एसएस ८०. गेल्या गणपतीत आरती झाल्यावर मोदक खाता खाता हळूच म्हणाला, मामा आपण हिच्यात मारुती एस्टीमचं १३०० सीसीचं इंजिन बसवूया का. मोबाईलवर सगळा हिशोब तयार होता त्याचा, गाडीचं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, आताचं ७९६ सीसीचं तीन सिलेंडर इंजिन चाळीसच्या आतबाहेर हॉर्सपॉवरचं, आणि एस्टीमचं सोळा व्हॉल्व्हवालं पंच्याऐंशीचं, म्हणजे आंबा घाट तिसऱ्यात चढणार.

त्याच्या वयात मी पण हेच बोलत होतो त्यामुळे हसलो नाही. पण शेवटी आम्ही तिच्यात ८००चंच दुसरं चांगलं इंजिन बसवलं, आणि ज्या पोरांच्या डोक्यात असा किडा वळवळतोय त्यांना माझं सांगणं तेच आहे की पहिलं स्वॅप, म्हणजे इंजिनाची अदलाबदल, त्याच जातीच्या इंजिनाचं करा. कारण सांगतो, आणि कसं केलं ते पण सगळं सांगतो.

कागद, हा भाग कंटाळवाणा आहे पण वाचा

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ काय म्हणतं तर आरसीवर जी माहिती आहे ती कंपनीने मुळात दिलेल्या माहितीशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. आरसीवर ७९६ सीसी लिहिलंय आणि बॉनेटखाली १२९८ सीसी आहे, म्हणजे विषय संपला. सीएनजी, एलपीजी, बॅटरी असल्या इंधनबदलाच्या मान्यता असलेल्या किटला वेगळी वाट आहे, पण मोठं पेट्रोल इंजिन त्यात येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पण हेच ठणकावून सांगितलंय. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. दंडाचं एकवेळ सोडा, उद्या हातखंब्याला कोणाला ठोकलंत तर इन्शुरन्सवाला पहिला प्रश्न हाच विचारणार.

त्याच मेकचं, त्याच टाइपचं इंजिन बसवायचं असेल तर आरटीओची परवानगी घेऊन करता येतं. आधी अर्ज, मग काम, मग गाडी दाखवून आरसीवर नवीन इंजिन नंबर चढवून घ्यायचा, आणि ती आरसी दाखवून पॉलिसीवर पण. रत्नागिरीची गाडी असेल तर एमएच ०८चं ऑफिस, सिंधुदुर्गची असेल तर एमएच ०७. गाडीवर लोन असेल तर ज्याचं लोन त्याची लेखी परवानगी. आणि गाडी पंधरा वर्षांवरची असणारच, तेव्हा दर पाच वर्षांनी होणारं रिन्युअल आणि ग्रीन टॅक्स भरलेला आहे का हे सगळ्यात आधी बघा, कारण आरसीच मेलेली असेल तर इंजिनावर खर्च कशाला करताय.

अजून एक गोष्ट आहे जी भाच्याला माहीतच नव्हती. जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम आले, गाडी पन्नास वर्षांच्या वर गेली आणि मूळ रूपात असली, म्हणजे चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठी कापाकापी केलेली नसली, तर नंबरात व्हीए अक्षरं असलेली वेगळी नोंदणी मिळते. रोजच्या वापराला ती गाडी चालत नाही, पण मान वेगळाच. आमची २०३५ मध्ये पन्नाशी गाठणार. हे ऐकल्यावर तो गप्प झाला आणि मग म्हणाला, मग जुनं इंजिन विकायचं नाही ना? नाहीच विकायचं, त्याच्यावर शेवटी येतो.

पत्रा

कोकणात जुनी गाडी मारतो तो गंज. खारी हवा, चार महिने पाऊस, आणि गाडी झाकायला आपण घालतो ते निळं प्लास्टिक, ज्याच्या आत घाम धरतो आणि पत्रा आतून कुजतो. झाकायचंच असेल तर हवा खेळेल असं कापड घाला आणि वर छप्पर ठेवा.

एक जाडा स्क्रू ड्रायव्हर आणि एक लोहचुंबक घ्या. मॅट उचला, पुढच्या सीटखालचा फ्लोअर टोचून बघा, कारण काचेच्या खालच्या जाळीतून पाणी आत झिरपतं आणि थेट तिथे साचतं. मग बॅटरीचा ट्रे, दरवाज्याखालच्या पट्ट्या, पुढच्या शॉकअपच्या टोप्या, मागचं सस्पेन्शन जिथे बॉडीला धरलंय ती जागा, आणि इंजिन माउंटिंग जिथे बसतं तो मेंबर. चुंबक जिथे चिकटत नाही तिथे रंगाच्या खाली पुट्टी आहे. आमच्या ड्रायव्हर साइडला मॅट उचललं, स्क्रू ड्रायव्हर टेकवला, जोर पण लावला नव्हता, तो मुठीपर्यंत आत गेला आणि खालून जमिनीवर लालसर भुकटी पडली. भाच्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

फ्लोअर आणि पट्ट्या दुरुस्त होतात. पण शॉकअपच्या टोप्या किंवा माउंटिंगचा मेंबर कुजला असेल आणि आजूबाजूला वेल्डिंग धरायलाच चांगला पत्रा उरला नसेल, तर दुसरी बॉडी बघा किंवा नाद सोडा. वेल्डिंग मिग मशीनने करा, साध्या आर्कने पातळ पत्र्याला भोकं पडतात आणि मग मेस्त्री ती भोकं भरत दिवस घालवतो. कुजलेला भाग पूर्ण कापून नवीन सीआरसी (कोल्ड रोल्ड) पत्रा त्याच जाडीचा लावायचा, जुन्यावर ठिगळ मारलं तर मधे पाणी अडकून दोन पावसात परत तेच. बॅटरी काढून ठेवा, पेट्रोल टाकी उतरवून लांब न्या (रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा वाईट, आत वाफ असते), मगच ठिणगी पाडा. वेल्डिंग झालं की घासून झिंक प्रायमर, मग अंडरकोट. पावसाआधी खालून जळकं ऑइल मारायची आपल्याकडे पद्धत आहे, ती वाईट नाही, पण ब्रेकवर, रबरी बुशांवर आणि सायलेन्सरवर उडता कामा नये.

इंजिन शोधणं, आणि मी कसा फसलो ते

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका ८०० साठी मुंबईहून सुटं इंजिन आणलं होतं. दुकानदाराचं नाव घेत नाही. चालू करून दाखवलं, आवाज मस्त, भाव पण बरा, एसटीच्या पार्सलने रत्नागिरीत आलं. बसवून गाडी पासिंगला नेली, साहेबांनी ब्लॉकवर बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं. नंबराची जागा ग्राइंडरने घासून परत ठोकलेली होती. मी बिल मागितलंच नव्हतं. ते इंजिन परत काढावं लागलं, वर हजार प्रश्न, कारण घासलेला नंबर म्हणजे चोरीचा माल असू शकतो.

म्हणून सुटं इंजिन घेऊच नका, जमलं तर अख्खी गाडी घ्या, मागून ठोकलेली किंवा बॉडी गेलेली, मालक समोर, आरसी हातात. आरसीवरचा इंजिन नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर स्वतः जुळवा, फोटो काढा, कागद ठेवून पेन्सिल घासून ट्रेसिंग घ्या. विक्रीचा कागद आणि बिल घ्या, आणि त्या गाडीची आरसी रद्द करायचं काम तिच्या मालकाकडून त्याच आठवड्यात करून घ्या, नंतर माणूस फोन उचलत नाही. अख्खी गाडी घेतली की माउंटिंग, केबली, सेल्फ, अल्टरनेटर, नटबोल्ट सगळं फुकटात येतं, आणि एक ब्रॅकेट नाही म्हणून काम पंधरा दिवस अडून राहत नाही.

आम्हाला चिपळूणजवळ नव्या शेपची कार्बोरेटरवाली ८०० मिळाली. ब्लॉकवर इंजिनाचा कोड एफ८बी, आमच्याही ब्लॉकवर एफ८बी. पण घर एकच असलं तरी जुन्या आणि नव्या शेपच्या आजूबाजूच्या वस्तू जशाच्या तशा बसतील असं धरून चालू नका, ब्रॅकेट, कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर शेजारी शेजारी ठेवून भोकं मोजा आणि लागेल तिथे आपल्या जुन्या इंजिनावरच्या वस्तू नव्या ब्लॉकवर चढवा. एमपीएफआयवालं, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनवालं इंजिन स्वस्तात मिळालं तरी या कामाला घेऊ नका, त्याला ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), सेन्सर, टाकीत इलेक्ट्रिक पंप, अख्खं वेगळं वायरिंग लागतं.

घेण्याआधी कॉम्प्रेशन बघा. इंजिन गरम, तिन्ही प्लग काढलेले, ॲक्सिलेटर पूर्ण दाबलेला, प्लगच्या भोकात कॉम्प्रेशन गेज लावून सेल्फ मारा आणि प्रत्येक सिलेंडरचा आकडा लिहा. सिलेंडरा-सिलेंडरात १ किलोपेक्षा (दर चौरस सेंटिमीटरला) जास्त फरक असेल तर काहीतरी बिघडलंय. कमी आलेल्या सिलेंडरात चमचाभर ऑइल टाकून परत बघा, आकडा वाढला तर रिंगा गेल्यात, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. डिपस्टिकवर किंवा ऑइलच्या झाकणाखाली पांढरट लोण्यासारखं काही दिसलं तर पाणी ऑइलमध्ये जातंय, हात जोडून निघा. हेड फेसिंग किंवा बोअरचं काम निघालंच तर रत्नागिरीत बसून वाट बघण्यापेक्षा आंबा घाट चढून कोल्हापूरच्या उद्यमनगरात न्या, तिथल्या मशीनवाल्यांची पिढ्यान् पिढ्या हीच कामं, एका दिवसात हातात देतात.

काढणं

काम दिवाळीनंतर काढा आणि मिरगाच्या आधी संपवा. एप्रिल-मे मध्ये मेस्त्री शोधू नका, तेव्हा आंब्याच्या पेट्यांचे टेम्पो आधी आणि तुमची हौस नंतर.

इंजिन उचलायला आमच्याकडे पहिली सूचना आली, समोरच्या आंब्याच्या फांदीला चेन पुली लावा. लावली. नुसतं इंजिनाचं वजन घेतलं आणि फांदीने असा एक कर्र आवाज केला की आम्ही तिघंही मागे सरलो. आंब्याचं लाकूड सांगून मोडत नाही. पडवीचा वासा पण यासाठी नाही. विहिरीतले पंप काढणारे लोक असतात ना, त्यांच्याकडे तीन लोखंडी पाइपांचा तिवडा आणि चेन पुली असते, एक दिवसाच्या भाड्याने मिळते, तीच घ्या. आणि गाडीखाली टेकू म्हणून जांभ्याचा चिरा कधीही ठेवू नका, चिरा दिसतो दणकट पण एका टोकावर भार आला की तडकतो. जॅक स्टँड घ्या, आणि मातीच्या खळ्यात स्टँडखाली जाड फळी, नाहीतर ते रुततात.

आदल्या रात्री सायलेन्सरच्या पुढच्या पाइपाच्या नटांवर डिझेल सोडून ठेवा, ते नट खाऱ्या हवेने जाम झालेले असतात आणि सकाळी घाई केली तर स्टड तुटतो. मग बॅटरी, बॉनेट (बिजागरीभोवती मार्करने खूण करा म्हणजे परत लावताना गॅप शोधत बसावं लागत नाही), पाणी, इंजिन ऑइल, गिअर ऑइल उतरवा. प्रत्येक गोष्ट काढायच्या आधी फोटो. कार्बोरेटरच्या बारीक व्हॅक्युम नळ्यांना चिकटपट्टीने दोन्ही टोकांना सारखाच नंबर द्या, हे काम भाच्याने केलं आणि खरं सांगतो, त्यानेच आमचे दोन दिवस वाचवले. ॲक्सिलेटर, चोक, क्लच, स्पीडोमीटर अशा चारही केबली, गिअरचा रॉड, वायरिंगचे सॉकेट, रेडिएटरचे होज, दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट. मग भार पुलीवर घेऊन माउंटिंगचे बोल्ट, आणि गिअर बॉक्ससकट वर. एक माणूस फक्त बघायला ठेवा, काहीतरी एक वायर नेहमी राहिलेली असते आणि ओढताना तुटते. आमची राहिली होती रिव्हर्स लाइटची.

बसवण्याआधी

इंजिन बाहेर आहे तोपर्यंत जे हाताला येतंय ते बदला, नंतर त्याच सीलसाठी परत सगळं खोलावं लागतं. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, क्रँकचे पुढचे-मागचे ऑइल सील, कॅमचं सील, टॅपेट कव्हरचं पॅकिंग, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेरिंग, गिअर बॉक्सचे ड्राइव्ह शाफ्टचे सील, आणि तिन्ही माउंटिंगची रबरं. क्लच प्लेट मधोमध आहे का हे डमी शाफ्ट घालून बघा, नाहीतर गिअर बॉक्स बसतच नाही आणि मग पोरं बोल्टने आवळून ओढायला बघतात, त्यात बॉक्सचं कान तुटतं.

पेट्रोलची लाइन वेगळी बघायची, कारण आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं आणि १९८५च्या गाडीचं रबर त्यासाठी बनलेलंच नाही. होज पाइप मऊ होऊन चिकट होतात, पंपाचा डायफ्राम आणि कार्बोरेटरचं पॅकिंग जातं. इथेनॉल चालेल असं लिहिलेले होज घ्या. शिवाय इथेनॉल पाणी धरतं, आणि आपली हवा तर काय विचारूच नका, म्हणून टाकी उतरवली आहेच तर आतून गंज साफ करा आणि नवीन फिल्टर लावा. पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल तर जुनं पेट्रोल टाकीत ठेवू नका.

आणि ब्रेक. भाचा म्हणाला ब्रेक नंतर करू. नाही म्हटलं. व्हील सिलेंडर, मास्टर सिलेंडरची किट, रबरी होज, ब्रेकच्या लोखंडी नळ्या जिथे क्लिपमध्ये धरल्यात तिथे खरवडून बघा, गंज तिथे लपतो. ब्रेक ऑइल पण ओल शोषतं, सहा वर्षं उभ्या गाडीतलं काळं झालेलं होतं. अर्थिंगच्या पट्ट्या नवीन घाला, बॉडीला टेकतात ती जागा चकचकीत घासून वरून पेट्रोलियम जेली, नाहीतर सेल्फ रडतो आणि आपण उगाच बॅटरीला शिव्या देतो.

बसवणं आणि पहिला स्टार्ट

बसवणं म्हणजे काढण्याचाच उलटा क्रम. माउंटिंगचे बोल्ट आधी सगळे हाताने लावून घ्या, इंजिन थोडं हलवून बसू द्या, मग आवळा. टॉर्क पाना आणा कुठून तरी, हेड आणि फ्लायव्हीलचे बोल्ट अंदाजाने आवळायचे नसतात.

लगेच स्टार्ट मारायचा मोह होईल. आधी प्लग काढून सेल्फ मारा, पाच-सात सेकंद, थांबा, परत, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. मग पेट्रोल लाइनचा प्रत्येक जोड बोटाने चाचपून वास घ्या. दोन किलोचा आग विझवायचा सिलेंडर हाताशी, गाडीच्या आत नको, बाहेर. प्लगच्या वायरी लावताना फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलेंडरात ठिणगी पडायचा क्रम, १-३-२. आम्ही १-२-३ लावून अर्धा तास कार्बोरेटरला दोष देत बसलो होतो, मधेच फट्ट करून मागे आग फेकली आणि आजी आतून ओरडली, बंद करा ते. वायरी बदलल्या आणि तिसऱ्या सेल्फला सुरू झालं. मग रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून हवा निघेपर्यंत चालू ठेवा, फॅन लागतो का बघा, टायमिंग लाइटने टायमिंग सेट करा.

पहिले ५०० किलोमीटर पावस-रत्नागिरी एवढंच, फार रेस नाही आणि मोठ्या गिअरात दाबून ओढणं पण नाही, मग ऑइल आणि फिल्टर बदला. त्यानंतरच घाट. आम्ही आंबा घाट दुसऱ्यातच चढलो, टेंपरेचरचा काटा मधेच राहिला, वर थांबून खाली वाकून गळती बघितली, फक्त एका होजच्या क्लिपला थेंब होता. उतरताना भाच्याला इंजिन ब्रेकिंगवर, म्हणजे खालच्या गिअरात ठेवून, उतरायला लावलं. एस्टीमचं इंजिन असतं तर इथे ब्रेक, शाफ्ट, रेडिएटर सगळंच मोठं लागलं असतं, हे तो आपणहून बोलला, साखरपा येईपर्यंत त्याचीच चर्चा.

जुनं इंजिन

ते आतलं ऑइल-पाणी पूर्ण उतरवून, धुऊन, प्रत्येक प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडून, हाताने फिरवून, प्लग परत लावून, सगळी तोंडं ग्रीसच्या कागदाने बंद करून पडवीत लाकडी फळ्यांवर ठेवलंय, जमिनीवर नाही, जमिनीची ओल चढते. वरून सुती गोधडी. मूळ आरसीची झेरॉक्स, इंजिन नंबराचं ट्रेसिंग आणि काढतानाचे फोटो एका डब्यात. क्रँक जाम होऊ नये म्हणून मधून मधून फिरवायला लागतो, आणि तारीख लक्षात राहत नाही म्हणून आम्ही अमावास्या धरली आहे. भाचा मुंबईला नोकरीला गेला तर काय, हा प्रश्न होता, पण आता ते काम आजीने घेतलंय, क्रँक फिरवायचा पाना कुठे ठेवलाय ते तिलाच माहीत असतं.